मुंबई ते न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५४० किलोमीटर आहे. कुठे ७,७९० तर कुठे ६,७७० असेही आकडे दिसतात. त्यातला पहिला साध्या मैलांचा, दुसरा वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांचा. अंतर तेच.

सर्वांत जवळची वाट मात्र पश्चिमेला जात नाही. मुंबईहून ती वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकून निघते, सुमारे ६५ अंश अक्षांशापर्यंत चढते आणि मग न्यूयॉर्ककडे उतरते. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने आखलेली रेघ सरळ दिसते, पण ती भरते १४,२०० किलोमीटरच्या आसपास. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून बघाच.

ताशी ९०० किलोमीटर धरले तर चौदा तास व्हायला हवेत. न्यूयॉर्कला जाताना साधारण साडेपंधरा ते सोळा लागतात, येताना चौदा-साडेचौदा. फरक वाऱ्याचा. विमान उडते त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात अधिकच. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांगही तिच्यातच मोजलेली. म्हणून अर्धा तास उशिरा उडालेले विमान पुष्कळदा वेळेवर पोचते.

खरा घोळ आकाशबंदीने होतो. रशियाने २०२२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना. तेच शहर, तीच तारीख, पण कंपनी बदलली की वाट बदलते. वळसा पडला की इंधन जास्त लागते. मोठे बोइंग ७७७ तासाला साधारण सात टन इंधन पिते, त्यामुळे एका तासाचा वळसाही सामान-प्रवाशांच्या वजनाला कात्री लावू शकतो किंवा मध्येच इंधनासाठी उतरायला भाग पाडतो. तिकीट काढताना ‘नॉनस्टॉप’ आहे की ‘डायरेक्ट’, हे मी आधी बघतो. डायरेक्टमध्ये विमान मध्ये उतरू शकते.

घड्याळाचा हिशेब सोपा आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. रात्री दीडला मुंबई सोडून सोळा तास उडालात, तर डिसेंबरात तिथे सकाळचे सात वाजलेले असतात. उत्तरेकडच्या वाटेने गेलात तर जवळजवळ सगळा प्रवास अंधारातच होतो, तेव्हा खिडकीसाठी जादा पैसे मोजू नका. पाय मोकळे करायला मधल्या वाटेलगतची सीट बरी.

थांबा घेऊन जायचे तर अंतराची काळजी नको. लंडनमार्गे दोन्ही टप्पे मिळून सुमारे १२,७४० किलोमीटर होतात, म्हणजे फक्त दोनशे जास्त. वेळ खातो तो विमानतळावरचा मुक्काम. न्यूयॉर्कहून पुढे अमेरिकेतच दुसरे विमान असेल, तर सहसा इमिग्रेशन उरकून, बॅगा घेऊन त्या पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे गेलात, तर अमेरिकेचे इमिग्रेशन तिथेच होते आणि न्यूयॉर्कला ती रांग चुकते.