नाव घातलेली भांडी

गुलामगिरीच्या, वर्णद्वेषाच्या कादंबऱ्या मी का वाचते, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बडोद्यात डांडिया बाजारातल्या आमच्या वाचनगटात कुणी ना कुणी विचारतंच, ‘काकू, ती गुलामगिरी, तो वर्णद्वेष, वाचून जीव घाबरा नाही होत?’ होतो ना. पण त्या कादंबऱ्यांत मी छळणाऱ्यांपेक्षा डबा पोचवणाऱ्यांकडे जास्त बघते.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनची १९८७ची ‘बिलव्हेड’ घ्या. गुलामगिरीतून पळून आलेली आई, तिच्या हातून घडलेलं एक भयंकर कृत्य, आणि त्यानंतर १८ वर्षं वाळीत पडल्यासारखं घर. शेवटी घरात खायला काही उरत नाही, तेव्हा धाकटी लेक डेन्व्हर उंबरा ओलांडते आणि काम मागते. मग अंगणाच्या कडेच्या खोडावर काहीबाही येऊ लागतं. पांढऱ्या घेवड्याची पिशवी, सशाचं थंडगार मटण, टोपलीभर अंडी. भांडं कुणाचं ते कळावं म्हणून सोबत नावाची चिठ्ठी. लिहिता न येणाऱ्यांची नुसती खूण. (हे पान मी गटात दोनदा वाचून घेतलं. मटणाला एकीने नाक मुरडलं, असो.)

आणि हे शेजारी काही संतमंडळी नव्हेत. याच घरच्या जेवणावळीवर ते पूर्वी जळले होते, त्या रागात संकटाची वर्दी द्यायलाही कुणी धावलं नव्हतं. म्हणून तर मला ते खरे वाटतात.

आपल्या बडोद्याचं काय? संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेल्या आंबेडकरांना १९१७ साली इथल्या पारशी धर्मशाळेतून हुसकून लावलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांनीही घरात घ्यायचं टाळलं. रात्री ९ची मुंबईची गाडी होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. ११ दिवसांत गाव सुटलं. एवढ्या शहरात एक डबा निघाला नाही. त्याच बागेत आम्ही शाळेच्या सहलीला जायचो, पण तेव्हा हे कुणी सांगितलं नाही.

आईच्या सगळ्या भांड्यांवर नाव घातलेलं होतं. वाटी शेजारी गेली की परत यायचीच, आणि रिकामी कधीच नाही, तळाशी निदान चिमूटभर साखर. एका कपावर मात्र नाव नव्हतं. तो न्हाणीच्या खिडकीत उपडा असायचा, झाडूवाल्या बाईंचा. त्याची अदलाबदल व्हायची कुणाला भीतीच नव्हती.