लेस्टरहून मराठी पान उघडेना, तेव्हा

"अगं, मी मराठी दाबते आणि परत इंग्रजीच येतं!" आतेनणंदेचा लेस्टरहून फोन आला तेव्हा दिवाळीला दोन महिने उरले होते. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं फराळाचं काम आहे. सासूबाईंनी घरच्या ओट्यावर सुरू केलेलं, आता भाजणीची चकली, अनारसे, चिरोटे परदेशी जातात. वेबसाइट माझ्याकडे असते. मराठी, गुजराती आणि इंग्रजीची दोन रूपं: एक ब्रिटनसाठी पौंडात, एक अमेरिकेसाठी डॉलरात. लेस्टर आणि न्यू जर्सी, दोन्हीकडे गुजराती माणूस भरपूर, त्यामुळे गुजराती पान आम्ही शोभेसाठी केलेलं नव्हतं.

मी घरून बघितलं तर सगळं व्यवस्थित. बडोद्यातून ते व्यवस्थितच दिसणार होतं. साइट करून देणाऱ्याने एक प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार प्रोग्रॅम, घातलं होतं. आयपी पत्त्यावरून, म्हणजे येणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, देश ओळखायचा आणि भारताबाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजी पानावर ढकलायचं, एवढंच त्याचं काम. ताईंनी मराठी दाबलं की क्षणात पौंडाचं पान पुन्हा समोर.

मग आपली कोणती पानं गूगलच्या यादीत आहेत ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल उघडलं आणि छातीत धस्स झालं. मराठी आणि गुजरातीची जवळजवळ सगळी पानं 'पेज विथ रिडायरेक्ट' (दुसऱ्या पानाकडे वळवलेली) या सदरात पडलेली, म्हणजे गूगलच्या यादीत नाहीतच. कारण उमगायला दोन रात्री गेल्या. पानं वाचत फिरणारा गूगलबॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. कोणती भाषा हवी ते सांगणारं ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर तो पाठवत नाही, साइट आठवणीसाठी ब्राउझरमध्ये ठेवते ती छोटी नोंद, म्हणजे कुकी, तीही पुढच्या खेपेसाठी जपत नाही. प्लगइनच्या लेखी तो अमेरिकेतला गिऱ्हाईक. त्याने कितीदा मराठी पान मागितलं तरी त्याच्या हातात डॉलरचंच पान पडायचं, आणि शोधात तो तेच दाखवायचा. पुण्याच्या एका बाईंनी "तुम्ही डॉलरमध्येच विकता का?" असं विचारलं होतं, त्याचा उलगडा तेव्हा झाला. मराठी पानांचा मजकूर सासूबाई भाजणी भाजता भाजता सांगत होत्या आणि मी टिपून घेत होते. त्यातली एक ओळही गूगलने वाचली नव्हती, याचं फार वाईट वाटलं.

प्लगइन त्याच दिवशी काढलं. त्याऐवजी वर एक बारीक पट्टी ठेवली: 'ब्रिटनमधून बघताय? पौंडातले भाव इथे.' जायचं की नाही ते येणाऱ्याने ठरवायचं, त्याची निवड कुकीत राहते. फोनवर ती पट्टी मजकूर झाकणार नाही एवढं मात्र बघितलं, कारण अख्खा पडदा अडवणाऱ्या खिडक्यांचा शोधातही तोटा होतो.

भाषेच्या बटणांवर झेंडे होते. मराठीसमोर तिरंगा, गुजरातीसमोरही तिरंगा! झेंडा देशाचा असतो, भाषेचा नव्हे. ते काढून प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहिलं. चलनाचं बटणही भाषेपासून वेगळं केलं. लेस्टरच्या ताईंना वाचायचं मराठीत असतं आणि पैसे पौंडात भरायचे असतात. आम्ही त्या दोन गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या होत्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एचरेफलँगने. एकाच मजकुराची कोणत्या भाषेतली, कोणत्या देशासाठीची पानं कुठे आहेत, हे सांगणाऱ्या या ओळी पानाच्या हेडमध्ये (कोडच्या न दिसणाऱ्या वरच्या भागात) किंवा साइटमॅपमध्ये (साइटच्या पानांच्या यादीत) घालतात. मराठीला 'एमआर', गुजरातीला 'जीयू'. ब्रिटिश इंग्रजीला आमच्याकडे 'ईएन-यूके' लिहिलेलं होतं, ते चूक. देशाचा कोड 'जीबी' आहे. 'यूके' हा भाषेचा कोड म्हणून वापरला तर तो युक्रेनियनचा होतो. शिवाय हे दुवे दोन्हीकडून लागतात. इंग्रजी पानाने मराठी पान दाखवलं आणि मराठी पानाने उलट इंग्रजी दाखवलं नाही, तर गूगल ती जोडी धरत नाही. प्रत्येक पानाने त्या यादीत स्वतःचंही नाव द्यायचं असतं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबरच आहे. शेजारून आलेलं फराळाचं ताट रिकामं परत पाठवतो का आपण?" त्यानंतर मला ते कधी विसरायला झालं नाही.

ज्यांची भाषा आमच्याकडे नाही, त्यांच्यासाठी एक्स-डिफॉल्टची ओळ घातली, ती भाषा निवडायच्या पानाकडे नेते. आणि कॅनॉनिकल, म्हणजे सारख्या पानांतलं मूळ पान कोणतं ते गूगलला सांगणारी ओळ! चारही पानांचं कॅनॉनिकल अमेरिकन पानाकडे लावलेलं होतं, म्हणजे मराठी पान स्वतःच सांगत होतं की मी नक्कल आहे, खरं पान तिकडे आहे. प्रत्येक पानाचं कॅनॉनिकल त्याचं त्याला दिलं. एचरेफलँगमुळे शोधातला क्रमांक वर चढत नाही हेही सांगून ठेवते; ज्याला जे पान हवं ते त्याच्यापुढे यावं, एवढ्यासाठी ते असतं.

मजकूरही तपासला. काही गुजराती पानांवर फक्त मेनू गुजरातीत होता आणि खाली सगळं इंग्रजी. पानाची भाषा गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतो, कोडमधल्या लँग खुणेवरून नाही. ती पानं शेजारच्या गुजराती काकींना समोर बसवून नव्याने लिहिली, कारण मशीनकडून भाषांतर करून बघितलं तेव्हा त्याने 'भाजणीची चकली'ची नुसती 'भाजलेली चकली' करून टाकली होती.

यादीत पानं एकेक करून यायला तीन-चार आठवडे लागले. मधे काहीच हलत नव्हतं तेव्हा जीव टांगणीला लागला होता. अमेरिकन आणि ब्रिटिश पानांचा मजकूर अजून फार सारखा आहे, गूगल कधी कधी त्यातलं एकच धरतो. त्यावर काम चालू आहे. वजनं आणि पार्सल पाठवायची शेवटची तारीख देशाप्रमाणे लिहायला घेतली आहेत.

वसुबारसेच्या तीन आठवडे आधी ताईंची ऑर्डर आली, मराठी पानावरून, पैसे पौंडात. सूचनेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'वहिनी, अनारशांना खसखस भरपूर लावायला सांग मामींना.'