जिप्सी कॉइल अपडेट: हरवलेला कास्टर सापडला!

राम राम मंडळी. माझ्या जिप्सीचे समोरचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढून कॉइल स्प्रिंग टाकतोय. समोरचं हाऊसिंग (दोन चाकांमधला आस) रेडियस आर्मवर (आसाला चेसिसशी जोडणाऱ्या लांब दांड्यांवर) बसलं, पॅनहार्ड (आसाला डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) लागला, इथवर मागच्या पोस्टमध्ये सांगितलं होतं. त्यानंतर गाडीनं लय डोकं खाल्लं. आर्वी-तळेगाव रोडला ५५ च्या पुढे गेली की भटकायची. वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून परत यायचं नाही, आणि एक चाक खड्ड्यात आपटलं की अशी थरथर सुटायची की ३० वर येईस्तोवर थांबत नसे.

ज्याला विचारावं तो म्हणे बॅलन्सिंग करा. केलं. टाय रॉड एंड नवे टाकले. किंगपिनच्या (चाक ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंगचा ताण ताणकाट्यानं तपासला, बरोबर निघाला. पुतण्याला स्टेअरिंग हलवायला बसवलं आणि मी खाली पडून पॅनहार्डच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहिला, कणभर खेळ नाही. अलाइनमेंटवाल्यानं टो-इन (समोरच्या चाकांचा आत वळलेला कोन) लावून दिला आणि म्हणाला, "भाऊ, या गाडीत कास्टर ॲडजस्ट होत नाही." अरे, ॲडजस्ट होत नसेल, पण मोजता तर येतो! कास्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन; तो कमी पडला की स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही.

घरी सपाट कोब्यावर गाडी लावली आणि किंगपिनच्या वरच्या टोपणावर डिजिटल अँगल गेज ठेवला. १.३ अंश. ब्रॅकेटला वेल्डिंग करताना ५० मिमी लिफ्ट (गाडीची वाढवलेली उंची) धरून ३.५ ठेवला होता. मग २.२ अंश गेले कुठे?

टेप लावला तर नाक ठरवल्यापेक्षा २८ मिमी वर. माझा आर्म ७२० मिमी लांब आहे. चेसिस २८ मिमी चढली की आर्म २.२ अंश फिरतो, आणि हाऊसिंग त्याला दोन बुशांनी (सांध्यातल्या गाद्यांनी) जखडलेलं असल्यानं तेही तेवढंच फिरतं. हिशोब तंतोतंत जुळला, तेव्हा जेवण सोडून पुन्हा गाडीखाली गेलो.

नागपुरात स्प्रिंग बनवून घेताना ऑर्डर होती १२ मिमी तार, ११० मिमी मध्य-व्यास, ७ चालू (प्रत्यक्ष दबणारे) वेढे. पॉलिश पेपरनं काळा रंग खरवडला, खालचं चकाकतं पोलाद उघडं केलं आणि व्हर्नियर लावला. १३! बिलावर मात्र १२ च लिहिलेलं.

एका मिमीनं काय होतं? लय होतं. स्प्रिंगचा रेट (एक मिमी दाबायला लागणारा जोर) तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. १२ च्या तारेला २२ न्यूटन प्रति मिमी येतो, १३ ला ३०. जिनिंगच्या वजनकाट्यावर फक्त समोरची चाकं चढवून वजन घेतलं होतं. हाऊसिंग आणि चाकं वजा केली की एका स्प्रिंगवर साधारण २३० किलो येतात. म्हणजे १२ ची १०२ मिमी दबली असती, ही ७४ वर थांबली. फरक २८. स्प्रिंग कुठूनही घ्या, पैसे देण्याआधी तार मोजा.

खात्रीसाठी ऑफसेट बुश (मधलं भोक बाजूला सरकवलेले, त्यानं हाऊसिंगचा कोन बदलतो) टाकले, कास्टर ३.४ वर आला. त्याच रस्त्यानं ७० नं नेली, त्याच खड्ड्यांत घातली. थरथर गायब, आणि वळणानंतर स्टेअरिंग बोटांतून आपोआप सरळ होत गेलं! परत येईस्तोवर मी एकटाच हसत होतो.

तरी हे बुश ठेवणार नाही. एक तर पॉलीचे (कडक पॉलीयुरेथेनचे) आहेत. रेडियस आर्मला पॉली मला पटतच नाही, आर्मला पीळ घेऊ देत नाहीत; धुऱ्यावर तिरपी चढवली की समोरचं चाक लवकर उचलतं. रबरच बरं. दुसरं, ३० चा रेट आपल्या कामाचा नाही. पावसाळ्यात बंड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या काळ्या मातीत वाळून दगड झाल्यात, त्या पांदणीत नाक नुसतं उडतं.

म्हणून १२ मिमीची जोडी पुन्हा सांगितली आहे, दुसरीकडे. ही १३ ची भंगारात द्यायची ठरवली होती, पण लिहिता लिहिता सुचलं की मागे का नको? मागचे पाटे आज ना उद्या काढायचेच आहेत. वावरातून दोन क्विंटल तूर भरली तर स्प्रिंगमागे १०० किलो वाढतील, ३० च्या रेटला ३२-३३ मिमी बसेल. म्हणजे मागच्या कामाला हीच जोडी लागू पडते! रिकाम्या गाडीला थोडी कडक जाईल, पण शॉकअप मऊ निवडता येईल. आता अडतं ते मागच्या पॅनहार्डच्या ब्रॅकेटवर, कारण डाव्या बाजूला सायलेन्सर आडवा येतो. उजवीकडून घ्यायचा की सायलेन्सर वळवायचा? कुणी केलं असेल तर फोटो टाका, रविवारी वेल्डरला बोलावलं आहे.