एकाचा झाला सात

इंजिन उघडून, रिंगा बदलून, सोलेक्सचा कार्ब्युरेटर धुऊन गाडी पहिल्या सेल्फला सुरू व्हायला सात आठवडे लागले. कागदावरचा एक आकडा दुरुस्त व्हायला सात महिने. तेव्हा इंजिनाच्या गोष्टी पुन्हा कधीतरी. आधी आकड्याचं बोलतो, कारण त्याचा राग अजून उतरलेला नाही.

गाडी बाबांची. १९६७ची फियाट ११०० डिलाइट, राखाडी, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला. हिला कुणी पद्मिनी म्हटलं की मी चिडतो. पद्मिनी हे नाव १९७४ सालचं, तोवर ही सात वर्षांची झाली होती. निघाल्या मात्र दोघी कुर्ल्याच्याच कारखान्यातून. बुकिंग केल्यावर किती वर्षं वाट पाहिली ही गोष्ट बाबा दर गणपतीत सांगायचे आणि सांगताना एखादं वर्ष वाढवायचे. २०१८ला ते गेले. गाडी कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि सोसायटीच्या नोटिसा सुरू झाल्या. “पंधरा वर्षांवरच्या गाड्यांवर बंदी आहे ना? भंगारात द्या की!” ती बंदी दिल्लीकडची. आपल्याकडे पेट्रोलची खासगी गाडी फिटनेसला पास झाली आणि पर्यावरण कर भरला की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालवता येते.

हे मला सांगितलं ग्रुपमधल्या एका काकांनी. आमचा फियाटवाल्यांचा ग्रुप, महिन्यातल्या एका रविवारी पहाटे सहाला वरळी सी फेसला जमतो. काकांकडे पन्नासच्या दशकातली, लोक जिला ‘डुक्कर’ म्हणतात ती फियाट आहे, म्हणून ते डुक्करकाका. त्यांना नाव आवडतं, काकूंना नाही. एरवी रस्त्याने जाताना हसून बघणारे लोक इथे बॉनेट उघडलं की थांबतात, आणि तुमच्या डिस्ट्रिब्युटरवर वीस मिनिटं बोलणारा माणूस भेटतो. मी आधी लाजून लांब उभा राहायचो, कारण माझी गाडी घरीच होती. तरी चहा मिळायचा.

विंटेज म्हणून नोंदवायची की नाही यावर पहिला महिना गेला. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज ठरते. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीलाच बाहेर काढायची. रोजच्या वापराला नाही. मला हॉर्निमन सर्कलहून सुटणाऱ्या रॅलीपेक्षा शिवाजी पार्कला मिसळ खायला जाण्यात जास्त रस, म्हणून मी साधं नूतनीकरण निवडलं. (जाणकार मंडळी विंटेज हा शब्द साधारण १९३० पर्यंतच्या गाड्यांना लावतात. विम्याच्या जुन्या दरपत्रकात हीच रेषा १९४० अखेरची होती आणि क्लबचं प्रमाणपत्र लागायचं. सरकार म्हणतं पन्नास वर्षं. माझी गाडी सरकारच्या लेखी विंटेज आणि डुक्करकाकांच्या लेखी ‘कालची पोर’.)

आता मुद्दा. बाबांनी शेवटचं नूतनीकरण केलं तेव्हा आरसी बुकात शिक्का मारून मिळायचा. त्यामुळे गाडी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नव्हतीच. आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागली, म्हणजे जुन्या बुकातला तपशील आरटीओ कार्यालयातल्या माणसाने संगणकात भरायचा. जानेवारी २०२५मध्ये अर्ज दिला, फेब्रुवारीच्या शेवटी एन्ट्री झाली. मी पेढे वाटायचाच बाकी होतो.

मार्चमध्ये हाय सिक्युरिटी नंबर प्लेटचं बुकिंग करायला बसलो. चेसिस नंबर टाकला, जुळत नाही. पुन्हा टाकला, जुळत नाही. तिसऱ्यांदा बुक हातात घेऊन एकेक आकडा वाचला, तेव्हा कळलं की बुकातल्या एका १ला भरणाऱ्याने ७ समजून टाकलंय.

एक आकडा. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

खिडकीवर बुक दाखवलं. “यात सातच दिसतोय.” मी म्हटलं, मॅडम, गाडीवर एक आहे. “मग गाडी आणा, साहेब बघतील.” विम्याशिवाय रस्त्यावर आणू कशी? विमावाल्याला पोर्टलवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळायला हवा होता. “टोइंग करून आणा.” आणली. साडेतीन हजार गेले. त्या दिवशी साहेब फिरतीवर.

दुसऱ्यांदा आणली, पुन्हा साडेतीन हजार. साहेब होते. बॉनेट उघडलं, मागच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर टॉर्च मारून पाहिला आणि म्हणाले, “हे घासलंय कुणी?”

मीच घासलं होतं. पन्नास वर्षांत नंबरावर रंगाचे थर चढलेले, म्हणून आदल्या रात्री पॉलिश पेपर घेऊन मी तो भाग लख्ख केला होता. नंबर खुणावेल अशी माझी समजूत. खुणावलं ते साहेबांना. “छेडछाडीचा संशय येतो. लॅबला पाठवावं लागेल.” मी घरी येऊन दोन तास कुणाशी बोललो नाही. तुम्ही हे करू नका. थिनरमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश घ्या, हलक्या हाताने रंग काढा, पत्र्याला धक्का लागू देऊ नका. मग कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी धरून प्रिंट घ्या आणि वरून सेलोटेप लावा, नाहीतर पेन्सिल पुसली जाते. माझ्या पहिल्या प्रिंटचा फाइलीत नुसता करडा डाग झाला होता.

लॅब टळली, पण “प्रकरण वर पाठवलंय” सुरू झालं. एप्रिल, मे, जून. ज्या मॅडमना माझा आवक क्रमांक तोंडपाठ झाला होता त्यांची बदली झाली. नव्या माणसाने विचारलं, कसली फियाट? झेरॉक्सचा पूर्ण संच पुन्हा दिला. जुन्या नोंदणी रजिस्टरचा उतारा माहितीच्या अधिकारात मागितला. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, अभिलेख जीर्ण झाल्याने उपलब्ध नाही. एजंट लोक बाहेर उभे असतात, त्यातला एक म्हणाला, “साहेब, यात आम्ही पण हात घालत नाही.” तेव्हा मात्र घाम फुटला.

आणि ऑगस्टमध्ये फी वाढली. २० वर्षांवरच्या चारचाकीच्या नूतनीकरणाला ५ हजारांचे १० हजार झाले. टायपिंगची चूक त्यांची, जादाचे पाच हजार माझे.

सप्टेंबरच्या रविवारी वरळीला मी हे सगळं सातव्यांदा सांगत होतो. ऐकणारे पांगले होते. डुक्करकाकांनी आरसी बुक मागितलं, चष्मा कपाळावर सरकवला, पान नाकापर्यंत आणलं.

“नोंदणीचं साल कुठलं?”

“सदुसष्ट.”

“मग त्यात एक पण आहे आणि सात पण आहे. बघ ना, येड्या.”

त्याच पानावर, त्याच शाईत, त्याच कारकुनाच्या हातचं. तारखेतल्या इंग्रजी एकच्या डोक्याला लांब शेंडी होती, त्यामुळे तो सातसारखा दिसायचा. पण त्याच तारखेतल्या सातच्या पोटात आडवी रेघ होती. चेसिस नंबरातल्या आकड्याला शेंडी होती, रेघ नव्हती. सहा महिने ते पान मी रोज बघत होतो आणि सहा महिने फक्त चेसिस नंबरावरच बोट ठेवत होतो.

त्या रात्री मोबाइलवर दोन्ही आकडे मोठे करून शेजारी-शेजारी लावले आणि ए-फोर कागदावर प्रिंट काढली. ग्रुपमधल्या तिघांनी आपापल्या त्याच सुमाराच्या गाड्यांवरच्या नंबराचे फोटो पाठवले. ठोकलेला १ सगळीकडे माझ्यासारखाच. एक जण त्यासाठी रात्री अकराला टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये उतरला होता. सगळं एका पानाच्या अर्जाला जोडलं आणि खिडकी सोडून थेट वरच्या अधिकाऱ्यांना भेटलो. त्यांनी तारीख पाहिली, आकडा पाहिला, पुन्हा तारीख पाहिली. “हो, एकच आहे हा.” सही. चार मिनिटं लागली असतील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पोर्टलवर आकडा बदलला.

पुढचं सगळं सरळ झालं. फिटनेसला आलेला तरुण इन्स्पेक्टर आत बसून जमिनीवर गिअर शोधत होता, एवढंच लक्षात आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. मालक हयात नसतील तर विक्रीचे फॉर्म २९-३० भरू नका, वारसाला फॉर्म ३१ असतो. नूतनीकरणाचा फॉर्म २५. बॅकलॉग एन्ट्री झाली की त्याच दिवशी, खिडकीसमोर उभं राहून चेसिस आणि इंजिन नंबर एकेक आकडा वाचून घ्या. मी ते केलं असतं तर वरचं काही लिहावं लागलं नसतं. पीयूसीला थंड इंजिन घेऊन जाऊ नका, दहा-पंधरा मिनिटं चालवून मग न्या. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून जुने रबरी पाइप आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला पडदा) आधीच बदला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधलं तर पार्ट मिळतात. मे महिन्यात गाडी सिग्नलला बंद पडली तर घाबरायचं नाही, इंजिनावरच्या त्या तापलेल्या पंपावर ओलं फडकं टाकायचं. फडकं गाडीत हवं, पाण्याची बाटलीही.

नोव्हेंबरमध्ये स्मार्ट कार्ड पोस्टाने आलं. बाबांच्या जागी माझं नाव, नंबर जुनाच, चेसिस नंबर बरोबर. खाली रंग लिहिला होता: पांढरा.

फोटो काढून डुक्करकाकांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

“आता अर्ज नको करूस. गाडीच पांढरी करून घे, स्वस्त पडेल.”