गंज वरचा आणि गंज आतला

समुद्रापासून दोन किलोमीटरवरच्या घरात चाळीस-पन्नास पावसाळे काढलेलं लोखंडी यंत्र आजही फिरत असेल, तर ते मुळात नीट घडवलेलं होतं असं बेलाशक धरावं. गोव्यात जुनी वस्तू शोधण्याची खरी मजा यातच आहे. तकलादू माल इथल्या खाऱ्या हवेने केव्हाच खाऊन टाकलेला असतो. उरलेल्यात दोनच प्रकार सापडतात, वरून गंजलेलं पण आतून धडधाकट आणि वरून चकचकीत पण आतून गंजून धरलेलं. दुसरा प्रकार जास्त पैसे घेऊन विकला जातो.

माल येतो कुठून? १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात युरोपातली यंत्रं इथे थेट येत. पुढे आखातातून आणि जहाजावरून परतणाऱ्यांनी पेट्या भरभरून आणल्या. मालक मुंबईला किंवा लिस्बनला आणि घराला कुलूप, असं वर्षानुवर्षं चालतं. मग घर विकलं जातं आणि आतलं सगळं एका टेम्पोत भंगारवाल्याकडे जातं. हणजूण, मोरजी, हरमलच्या बाजूला सीझन संपताना, एप्रिल-मेमध्ये, लांब मुक्कामाला आलेली माणसं सामान काढून टाकतात. चवथीच्या आधी घरं झाडली जातात तेव्हा माळ्यावरचं खाली येतं. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात पर्यटकांसाठी मांडलेल्या ‘अँटिक’ वस्तूंपेक्षा भंगारवाल्याचा मागचा ढीग कधीही बरा. खिशात एक लोहचुंबक ठेवा. ‘जुनं पितळ’ त्याला चिकटलं तर ते मुलामा दिलेलं लोखंड आहे.

आता शिलाई मशीन, कारण जुन्या मालात याच्याइतकी खात्रीची खरेदी दुसरी नाही. काळं, ओतीव लोखंडाचं, फक्त सरळ शिलाईचं मशीन दिसलं की लोक आधी वरची सोनेरी नक्षी बघतात. नक्षी सोडा, मशीन मागे कलतं करून बूड बघा. तिथे दांडे आणि त्यांचे सांधे उघडे दिसतात. दांड्यांवर तपकिरी डाग असतील तर चालेल. सांध्याच्या फटीतून तांबडी पूड गळत असेल तर तो आतला गंज, आणि तिथे धातू झिजलेला असतो. मग मोठ्या चाकाच्या मधली गोल गुंडी सैल करा आणि चाक एकटंच फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. गुंडी घट्ट करून चाक आपल्याकडे फिरवा. सगळीकडे सारखं जड लागलं तर जुनं तेल सुकलंय, घाबरायचं कारण नाही. एकाच जागी अडकत असेल तर आधी शटलपाशी, म्हणजे सुईखाली खालचा दोरा अडकवणाऱ्या भागापाशी, गुंतलेला दोरा शोधा. तिथे दोरा नसेल तर काहीतरी वाकलंय.

मॉडेल ओळखणं महत्त्वाचं, कारण पुढची वीस वर्षं सुट्या भागांशी गाठ आहे. सिंगरचा ‘१५ क्लास’ आणि त्याच बेताची भारतीय काळी मशीनं यांची गोल बॉबिन (खालच्या दोऱ्याचं रीळ), बॉबिन केस, कापड सरकवणारे दाते, कापड दाबणारा पाय, सगळं कुठल्याही शिलाई सामानाच्या दुकानात मिळतं. लांबट, होडीसारखं शटल असलेली मशीनं त्याहून जुनी. शिवतात सुरेख, पण शटल हरवलेलं असेल तर घेऊ नका. व्हायोलिनच्या आकाराचं बूड असलेली ‘१२ क्लास’ची मशीनं दिसायला सगळ्यांत देखणी. त्यांना १२×१ ही वेगळीच सुई लागते, आणि ती आता सहज मिळत नाही. नेहमीची घरगुती सुई १५×१, पाकिटावर ‘एचए×१’ लिहिलेली. सिंगरचा क्रमांक उजवीकडे बुडाच्या पट्टीवर ठोकलेला असतो. १९०० पासून त्याच्या आधी अक्षरं येऊ लागली, त्यावरून कारखाना आणि साल काढता येतं. आपल्याकडे सापडणारी बरीच मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातली, जो १८८५ ते १९८० चालला.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे घाई न करणं. तेलाच्या प्रत्येक भोकात आणि प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे दोन-तीन थेंब सोडा, चाक हळूहळू मागे-पुढे हलवा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काळी मळी बाहेर येऊ लागली की कापडाने पुसत राहा. चाक मोकळं झालं की शिलाई मशीनचं पातळ तेल द्या, कारण रॉकेल नुसतं धुतं, वंगण म्हणून टिकत नाही. नक्षीवर स्पिरिट लावू नका. वरचा थर लाखेचा असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि सोनं बोळ्यावर येतं. दाते झाकणारी पट्टी उघडून दात्यांमधली कातरण सुईने काढा. ती वर्षानुवर्षं दाबून नमद्यासारखी घट्ट झालेली असते, आणि ‘मशीन कापड ओढत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तेवढंच असतं.

टाके सुटत असतील तर आधी नवी सुई घाला. सुईची लांब खाच ज्या बाजूला त्या बाजूने दोरा ओवायचा, आणि चपटी बाजू शटलकडे. सुई उलटी बसली की मशीन एकही टाका धरत नाही आणि विकणारा ते ‘बिघडलेलं’ म्हणून स्वस्तात देतो. अशा वेळी गप्प बसून पैसे मोजावेत. मग बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा. आपोआप खाली घसरली तर दोरा सैल, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट. हलक्या हिसक्याने दोनेक इंच उतरून थांबली की बरोबर. बाजूचा इवला स्क्रू एका वेळी पाव फेरापेक्षा जास्त फिरवू नये. पायाच्या मशीनचा चामडी पट्टा पावसात ओल धरून ताणतो आणि चाकावरून घसरू लागतो. पट्टा कापून आखूड करायचा मोह होतो, पण थोडा धीर धरा. ऊन पडल्यावर तो पुन्हा आवळतो. मेज लाकडी असेल तर पायांच्या तळाशी वाळवी बघा आणि ड्रॉवरच्या सांध्यात पिठासारखा भुसा पडलेला आहे का तेही.

तेलावरून एक गोष्ट. इथे हाताशी खोबरेल असतं, म्हणून मशीनला खोबरेल घालायची जुनी खोड आहे. थंडीच्या रात्री, पारा २४ अंशांच्या खाली गेला की ते थिजतं, आणि एरवी धूळ-कातरण धरून मळीचा थर करतं. गंमत म्हणजे बिडाच्या तव्यालाही खोबरेल कामाचं नाही, पण उलट्या कारणाने. तव्यावर काळा, गुळगुळीत थर बसायला तापवल्यावर सुकून कडक होणारं तेल लागतं, म्हणजे जवसाचं, सूर्यफुलाचं, निदान शेंगदाण्याचं. खोबरेल तसं सुकत नाही, चिकट राहतं. जे तेल तव्याला चांगलं ते मशीनमध्ये घातलं तर सांधे जाम करील. जुना बिडाचा तवा घेताना बोटाच्या पेराने वाजवा: टणटण आवाज आला तर घ्या, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. फरशीवर ठेवून डुगडुगतो का तेही बघा. गंज घासून काढला की गोड्या गरम पाण्यात भिजवा, पाणी दोन-तीनदा बदला, लगेच विस्तवावर सुकवा. हे पाण्याचं काम कोणी करत नाही, म्हणून गंज पुन्हा येतो. खाऱ्या हवेतलं मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांत बसलेलं असतं आणि ते आतून खात राहतं; पॉलिश पेपर तिथवर पोचत नाही. मग तेलाचा थर अगदी पातळ द्या, पुसून टाकलंय असं वाटेल इतका, आणि धूर निघेपर्यंत तापवा. असं चार-पाच वेळा. जाड थर दिला तर त्याच्या पापड्या निघतात.

हाताने फिरवायचं खिमा मशीन गोव्यातल्या जुन्या स्वयंपाकघरांत हमखास सापडतं, आणि ‘नीट कापत नाही’ म्हणूनच ते टाकलेलं असतं. अंगावर ५, ८, १०, २२ असा आकडा ओतलेला असतो. तो जाळीचा आकार सांगतो. ८ नंबरची जाळी साधारण ६२ मिलिमीटर, १० आणि १२ ची ७०, २२ ची ८२. घराला ८ किंवा १० पुरे. मांसाचा खिमा न होता लगदा होत असेल तर पहिला संशय पात्यावर: त्याची सपाट, धारेची बाजू जाळीकडे हवी. धुतल्यावर उलटं बसवायची चूक सगळे करतात. पातं सुलटं असूनही लगदाच होत असेल तर पातं आणि जाळी एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. जाड काचेवर १८० नंबरचा ओला पॉलिश पेपर ठेवून दोन्ही सपाट घासा, मग ४०० नंबरने. काळा-करडा रंग सगळीकडे सारखा आला की काम झालं. आतलं मळसूत्र दुसऱ्याच मशीनचं घालून विकलेलं असतं कधी कधी. ते नळीत घालून खडखडतं का पाहावं.

पितळी सोऱ्याही याच जातीचा. दांड्याचे आटे झिजून धारदार झाले असतील तर सोडून द्या. आटे ठीक असतील तर दट्ट्या नळीत घालून कडेची फट बघा. फट जास्त असली की चकलीचं पीठ जाळीतून खाली न येता कडेने वर चढतं, आणि दोष भाजणीला दिला जातो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांत न्हाणीतलं तांब्याचं भाण, घागरी, तपेली असं पुष्कळ मिळतं. पाणी भरून तास-दोन तास कोरड्या फरशीवर ठेवणं ही साधी परीक्षा, पण रिकामं भांडं उन्हाकडे धरून आत बघितलं तर सुईच्या टोकाएवढी भोकंही चमकतात. बुडाला करड्या धातूचं ठिगळ दिसलं तर ते शिशाच्या झाळीचं असू शकतं. असं भांडं झाडाच्या कुंडीला ठीक, चुलीवर नको. पितळेवरचे गुलाबी डाग नीट समजून घ्या. चिंचेने घासल्यामुळेही तसा रंग येतो, तो राख लावून घासला की जातो. घासूनही जात नसेल आणि नखाने टोकरल्यावर कण सुटत असतील, तर खाऱ्या ओलीने पितळेतलं जस्त काढून नेलंय. मागे राहिलेलं तांबं स्पंजासारखं पोकळ असतं, ते उद्या नाहीतर परवा फुटणार.

कल्हई नसलेल्या पितळेत सोलकढी, ताक, आंबट बिंबलांचं काही ठेवलं की कळकतं, हे सांगायला नको. कल्हईवाला मिळाला तर त्याच्या कथलाच्या कांडीने कागदावर रेघ ओढून बघा. पेन्सिलीसारखी ठळक करडी रेघ उठली तर कथलात शिसं आहे. शुद्ध कथिल वाकवलं की बारीक करकर ऐकू येते. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाने फिरवलेली कल्हई बोट फिरवल्यावर कुठेही खरखरीत लागू नये. कथिल २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवलं की काही मिनिटांत थर गोळा होऊन थेंब दिसू लागतात.

विजेच्या वस्तूंबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. जुना, जड मिक्सर घेण्यासारखा असतो. १९६० च्या दशकात निघालेला सुमीत आपल्या वाटणाचा विचार करूनच घडवला होता. प्लग काढून कपलर, म्हणजे भांडं ज्यात अडकतं तो वरचा फिरता तुकडा, हाताने फिरवा आणि आडवा हलवा. फिरायला हवा, डुलायला नको. कपलर उलट्या जोराने घट्ट होत जातो, म्हणून काढताना दांडा खालून धरून तो मोटर फिरते त्याच दिशेने फिरवायचा. हे ठाऊक नसलेल्या माणसाने पकडीने आटे मोडलेले असतात. भांड्यात अर्धं पाणी घालून दहा मिनिटं कागदावर ठेवा. खाली काळा ओला डाग पडला तर बुश आणि सील गेलंय, तेवढं बदलून मिळतं. आत निळ्या ठिणग्यांचं कडं दिसलं तर आधी कार्बन ब्रश बदला. अंग धातूचं असेल तर तीन पिनांचा प्लग हवाच, आणि मधल्या जाड पिनेपासून अंगापर्यंत तार जोडलेली आहे हे वायरमनकडून तपासून घ्या.

आखातातून आलेल्या वस्तूला चौकोनी तीन पिनांचा प्लग दिसला तर ती बहुधा २२०-२४० व्होल्टची, इथे चालेल. पण अंगावरची व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचल्याशिवाय लावू नका: ११० किंवा १२७ व्होल्ट असेल तर आपल्या २३० वर ती जळेल. ६० हर्ट्झ लिहिलेला पंखा किंवा पंप इथल्या ५० वर हळू फिरतो आणि तापतो. कापडी वायरची जुनी इस्त्री घेऊ नये. आत ॲस्बेस्टॉस असू शकतं. गिझर, गॅसचा रेग्युलेटर, काठ चेपलेला कुकर यांना हात लावू नये.

पैसे देण्याआधी मशीनचं ड्रॉवर उघडायला सांगा. सिंगरच्या स्क्रूचे आटे कंपनीचे स्वतःचे, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यांना बसत नाही. त्या ड्रॉवरमध्ये गुंड्या, तुटका खडू आणि गंजलेल्या टाचण्यांच्या खाली एखादी डबी असते: दोन-तीन पाय, चार बॉबिन, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि कशाचे ते न कळणारे तीन स्क्रू. विकणारा ती ‘कचरा’ म्हणून ओतून टाकायच्या बेतात असतो. ती डबी मागून घ्या, आणि स्क्रू तर आधी घ्या.