वाळतो, पण पक्का होत नाही

पोस्टर कलर वाळतो चटकन, पण पक्का कधीच होत नाही. त्याचं कौतुक करायचं तेही यासाठी आणि त्याच्या नावानं बोटं मोडायची तीही यासाठीच.

बाटलीत असतं काय? रंगद्रव्य, खडूसारखी पांढरी भुकटी, पाणी आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा डिंक, नाहीतर स्टार्चपासून केलेलं डेक्स्ट्रिन. भुकटी भरपूर, डिंक बेताचा. म्हणून हा रंग खालचं झाकतो आणि वाळल्यावर चकाकत नाही. अ‍ॅक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. हा मात्र महिन्याभरानं ओला ब्रश टेकवला तरी जागा होतो.

याची खरी परीक्षा सपाट रंग भरताना. रंग मधापेक्षा पातळ आणि दुधापेक्षा दाट हवा. लागेल त्याहून थोडा जास्तच कालवून ठेवावा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. कालवताना फिक्या रंगात गडद रंग थेंबाथेंबानं घालायचा. पिवळ्यात निळ्याचा एक थेंब पुरतो. उलट करायला गेलात तर हिरवा जमेपर्यंत पिवळ्याची बाटली रिकामी. मग चपट्या ब्रशनं आडवे पट्टे ओढायचे, आधीच्या पट्ट्याची कड ओली आहे तोवरच पुढचा. हा पहिला हात, म्हणजे थर, पूर्ण वाळला की दुसरा उभा. वाळला की नाही हे हाताच्या पाठीनं बघावं. गार लागला तर आत ओल आहे. अर्धवट वाळलेल्या भागावर डाग दिसला म्हणून ब्रश फिरवायचा मोह होतो. तिथंच घात होतो. खालचा थर उचलला जातो आणि डागाच्या जागी खरवडल्यासारखा चट्टा उरतो.

दुसऱ्या हातालाही हाच नियम: रंग जरा दाट, ब्रश जवळजवळ कोरडा, एका जागेवरून एकदाच. काळ्यावर पांढरी रेघ ओढून पुन्हा गिरवलीत तर ती राखाडी होणार. काही लाल-गुलाबी रंग तर पांढऱ्यातूनही वर फुटतात. त्यांच्यावर पांढरी अक्षरं काढण्यापेक्षा ती जागा आधीच कोरी सोडलेली बरी.

बाटलीतला रंग तसाच जाड थापला की वाळताना आक्रसतो, तडे जातात, कागद वाकला की पोपडे सुटतात. पाणी फार झालं तर डिंक विरळ होतो आणि वाळलेला रंग बोटाला भुकटीसारखा लागतो. कागद २०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या, आसपासचा घ्यावा. पातळ कागद पाण्यानं फुगून लाटा धरतो. मातीच्या भांड्यावर रंग छान बसतो, फक्त आधी पांढऱ्याचा एक हात द्यावा, नाहीतर माती रंग पिऊन टाकते. काचेवर आणि प्लॅस्टिकवर तो टिकत नाही. वॉर्निश करायचंच तर स्प्रेनं, हलके थर देऊन. पाण्यातलं वॉर्निश ब्रशनं लावलं की चित्रच पुसून निघतं.

बाटलीत वर पाणी साचलं तर ओतून देऊ नका, डिंक त्यातच असतो. काडीनं तळापासून ढवळा. घट्ट झालेल्या रंगात थोडं पाणी घालून झाकण लावून रात्रभर ठेवलं की तो बहुतेक वेळा परत येतो. काम झालं की बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायला मात्र विसरू नये. चित्र धड न धरणारा हा डिंक झाकण असं धरतो, की बाटली कोमट पाण्यात उलटी धरल्याशिवाय सुटत नाही.