लाइन, मधली फेरी की लोकल : ट्रकवरची नोकरी निवडताना

जड वाहनाचा परवाना हातात आला तेव्हा माझ्यापुढे तीन नोकऱ्या होत्या, आणि तिन्ही खान्देशातल्याच : रावेरहून दिल्लीला केळी नेणारी लाइनची, म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, जळगाव एमआयडीसीतून नाशिक, सुरत, इंदूरकडे प्लास्टिकचे पाइप पोहोचवणारी गाडी, आणि जळगावच्या रेल्वे मालधक्क्यावरून खत व सिमेंट जवळच्या गोदामांत टाकणारी लोकल. पारोळ्यात ज्याला विचारावे तो पगाराच्या आकड्यावर बोले. लाइनवर महिन्याकाठी पैसा जास्त दिसतो, हे खरेच. मात्र आमच्या गल्लीतले नाना, ज्यांची हयात कोलकात्याच्या रस्त्यावर गेली, ते एवढेच म्हणाले : "गाडी कितली लांब जास हाई नको इचारू, मांगे कव्हय येस ते इचार." म्हणजे, गाडी किती लांब जाते ते नको, परत कधी येते ते विचार. म्हणून प्रत्येक ठिकाणी भत्त्याच्या आधी थांबण्याचा हिशेब विचारायचा, असे मी ठरवले.

केळीच्या गाडीत चालकांबरोबर बसून मी दिल्लीची एक फेरी केली. ताज्या फळाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीचा मुदत घातलेला मालवाहतुकीचा कागद, लागत नाही, त्यामुळे कागदावर मुदत नसते. ती फळातच असते. बागेत कापलेला घड हिरवा असतानाच आझादपूरच्या मंडीत उतरला पाहिजे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ताडपत्रीखाली उष्णता कोंडली की माल वाटेतच पिवळा पडू लागतो. हजार किलोमीटरहून अधिक अंतर दोन चालक आळीपाळीने कापतात, एकाच्या हाती स्टिअरिंग आणि दुसरा मागच्या फळीवर आडवा. जाताना अशी घाई, आणि माल उतरला की नेमके उलटे : परतीचे भाडे मिळेपर्यंत गाडी उभी. रिकामी गाडी आणणे शेठला परवडत नाही, आणि उभ्या गाडीचा भत्ता चालकाला मिळत नाही. शिवाय उशीर झाला म्हणून व्यापाऱ्याने भाड्यातून कापलेली रक्कम शेठ चालकांच्या हिशेबात टाकतो, हे त्या फेरीत प्रत्यक्ष पाहिले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, लांब पल्ल्यासाठी ती दहा आणि ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि एक-दोन गाड्यांचा शेठ सहसा त्याच्या बाहेरच राही.

लोकल म्हणजे रोज रात्री घरी, ही माझी समजूत मालधक्क्यावर गेल्यावर गळून पडली. रेक, म्हणजे मालगाडी, लागली की ठरावीक वेळेत वॅगन रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर रेल्वे डॅमरेज, म्हणजे उशिराचा आकार लावते. त्यामुळे रेक मध्यरात्री आली तरी हमाल आणि गाड्या तयार लागतात. रेक नसेल त्या दिवशी फेरी नाही, आणि पैसे फेरीवर. पावसाळ्याच्या तोंडावर खताचे काम भरपूर असते, एरवी चालक सावलीत पत्ते खेळताना दिसले.

पाइपांच्या गाडीचा पल्ला साधारण अडीचशे-तीनशे किलोमीटरचा. ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, त्यामुळे रात्रीची झोप मोडण्याचे कारण उरत नाही. माल हलका पण अवजड आकाराचा असल्याने दोर आवळण्यात वेळ जातो, आणि सुरतच्या वाटेवरच्या कोंडाईबारीच्या घाटात तो पुन्हा तपासावा लागतो. २०२३ मध्ये कन्नड घाट जड वाहनांना बंद झाल्यापासून चाळीसगावहून घाटापलीकडे छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला जायचे तर नांदगावमार्गे वळसा पडतो. त्या वळशाचे डिझेल आणि वेळ कोणाच्या खात्यात, हे मी कामाला लागण्यापूर्वीच विचारून घेतले. तिथला शेठ या प्रश्नावर चिडला नाही, आणि माझा कल तिकडे झुकण्याचे तेही एक कारण होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे; मला मिळालेली गाडी अर्थातच त्याआधीची.

या कामातली खरी अडचण उतरवणीची आहे. शनिवारी संध्याकाळी पोहोचलात आणि व्यापाऱ्याचे गोदाम बंद असले, तर रविवार गाडीतच जातो. म्हणून गाडी चोवीस तासांहून जास्त उभी राहिल्यास निम्मा भत्ता मिळावा, अशी अट मी घातली, आणि बरीच घासाघीस झाल्यावर ती मान्य झाली. मात्र गाडी किती वाजता पोहोचली याचा पुरावा चालकानेच द्यायचा असतो. त्यासाठी बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या मागे गोदामवाल्याकडून वेळ आणि सही घेतो; काही जण सही द्यायला कुरकुरतात, तिथे फाटकासमोर गाडी लावताच तिचा फोटो काढून शेठच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि महिन्याच्या हिशेबाला त्या फोटोंवरची वेळ धरली जाते.